पारण्याचा घास आणि पोटातला ठोका

भगवान वीतराग असतो, तो कोणाला काही देत नाही आणि कोणाचं काही घेत नाही, हे मला लहानपणी पाठशाळेत शिकवलं आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. देत नाही ना, मग मागायचं कशाला, असा माझा रोकडा हिशेब. केनवडला आमचं कापडाचं दुकान. दिवसभर कापड मोजणाऱ्या माणसाची बुद्धीही हळूहळू मोजणारीच होत जाते. आंघोळीनंतर णमोकार मंत्र म्हणायचा, पर्वाच्या दिवसांत हिरव्या भाज्या सोडायच्या, एवढं मी करत असे. पण ते दात घासण्यासारखं, सवयीनं. घरातली खरी भक्ती बायकोच्या वाट्याला गेली होती. मी तिला गमतीनं म्हणायचो की तू दोघांचं पुण्य कमव, मी दोघांचं पोट भरतो. ती हसून सोडून द्यायची. एकदा मात्र तिनं सोडलं नाही, आणि म्हणून आज मी हे लिहायला आहे.

त्या वर्षी पावसाळ्यात माझी कंबर दुखायला लागली. कापडाची थानं उचलून दुखत असेल असं मी धरून चाललो. मग एका दुपारी दुकान बंद करून घरी जरा आडवा झालो असताना बायको समोर तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. माझ्या सदऱ्याचं शेवटचं बटण, म्हणाली, आपोआप वरखाली होतंय. मी मान उचलून पाहिलं तर खरंच होत होतं. बेंबीच्या थोडं डावीकडं हात ठेवला तर तळव्याला ठोका लागला, चांगला जोरकस, आत कोणी दार वाजवत असल्यासारखा. दुखत मात्र काहीच नव्हतं.

आमच्याकडं याचं निदान करायला डॉक्टर लागत नाही. बेंबी सरकली. शेंबडं पोरही सांगेल. ठोका बरोबर बेंबीवर लागला पाहिजे. बाजूला लागला की बेंबी जागेवरून हलली, जड उचललं असेल, पाय मुरगळला असेल. मग सकाळी अनशापोटी जाऊन ती बसवून घ्यायची. शिरपूरच्या पलीकडं एका खेड्यात एक मावशी बेंबी बसवायची. पोटावर एरंडेल चोळायची, मग अंगठे रोवून, अंगाचा सगळा भार टाकून तो ठोका बेंबीकडं दाबत आणायची. पूर्वी तिनं माझी बेंबी बसवली होती आणि मला गुण आला होता, हे खोटं कशाला सांगू? ती पैसे घेत नसे. तिच्या हाताला यश होतं आणि माझा तिच्यावर देवापेक्षा जास्त भरवसा होता. फक्त एक अट, पोटात अन्नाचा कण नको. खाऊन गेलं तर ती हात लावत नसे, आल्या पावली परत पाठवायची.

दशलक्षण पर्व संपल्यावर दुसऱ्याच दिवशी जायचं ठरवलं. पहाटेच्या एस.टी.त बसताना बायको म्हणाली की वाटेत शिरपूर आहेच तर आधी अंतरिक्ष पार्श्वनाथाचं दर्शन घेऊ. मी चिडलो. दर्शनाला थांबलो तर ऊन चढणार, पुढची गाडी चुकणार, आणि उपाशीपोटी माझा जीव कासावीस होणार. देव काय आज आहे आणि उद्या नाही असा आहे का, परत येताना घेऊ, असं बरंच बोललो. ती ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, "गिऱ्हाईकायले घंटा घंटा थानं उलगडून दाखवता. त्याच्यासाठी घंटाभर नाही का तुमाले?"

शिरपूरला उतरलो.

अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती खाली जमिनीला टेकलेली नाही, तिच्याखालून कपडा सरकवता येतो, असं सांगतात. लोक हात जोडून तो चमत्कार पाहतात आणि मी आजवर फक्त कपड्याचा पोत पाहत आलो होतो. त्या दिवशीही मी हात जोडून उभा राहिलो आणि मनात गाडीची वेळ चालू होती. बायको डोळे मिटून उभी होती. तिनं काय मागितलं ते मी विचारलं नाही. बाहेर येताना एवढंच म्हणालो, की वीतरागापुढं मागून काय मिळणार? तर पायऱ्या उतरता उतरता ती म्हणाली, "तो देत नाही, हे मलेबी मालूम हाये. पन त्याच्या दारात उभं राह्यलं का भेटते."

धर्मशाळेच्या ओसरीवरून जाताना कोणीतरी आम्हाला हाक मारली. तिथं एका आजीबाईंचं पारणं चाललं होतं. कारंजाच्या होत्या. दशलक्षणाचे सगळे उपवास त्यांनी नुसत्या पाण्यावर केले होते आणि पारणं अंतरिक्षाच्या पायाशी करायचं म्हणून घरच्यांनी त्यांना इथं आणलं होतं. पाटावर बसलेल्या, अंगात जीव नाही, पण चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. समोर मुगाचं पाणी, काढा, दूध. आमच्यात रीत अशी, की पारण्याच्या वेळी जो साधर्मी, म्हणजे आपल्या धर्माचा माणूस, दिसेल त्यानं उपवास करणाऱ्याला एक चमचा भरवायचा आणि मग तिथंच जेवायचं. तसा न जेवता निघून गेला तर तो त्या तपाचा अनादर. मी भरवला, आणि निघालो. मला अनशापोटी एके ठिकाणी जायचं आहे, माफ करा, असं सांगितलं. आजींनी माझ्याकडं पाहिलं. आवाज इतका बारीक की वाकून ऐकावं लागलं. म्हणाल्या, "माह्या पारन्याहून मानूस उपाशी गेला, तर मले घास कसा उतरन?"

आणि त्यांनी खरंच हातातली वाटी खाली ठेवली. दहा दिवसांची उपाशी म्हातारी माझ्यामुळं थांबली. पंगतीतले सगळे माझ्याकडं पाहायला लागले. बायकोनं माझ्याकडं न पाहता पत्रावळीपुढं बसकण मारली होती. काय करणार? बसलो. शिरा, पुरी, मुगाची भजी. प्रत्येक घासाला मी मनातल्या मनात चरफडत होतो, कारण पहिला घास पोटात गेला आणि माझी मावशी गेली. दिवस फुकट, भाडं फुकट. खोटं का बोलू, शिरा मात्र उत्तम होता, आणि मी दोनदा मागून घेतला.

जेवणानंतर आजींचा धाकटा मुलगा पाणी घेऊन आला. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तो डॉक्टर होता, आईच्या पारण्यासाठी रजा काढून आलेला. तिशीचा असेल. कुठं निघाला होता काका, असं त्यानं सहज विचारलं आणि मी माझी रड त्याला ऐकवली. बेंबी सरकली म्हटल्यावर तो गालातल्या गालात हसला. त्याच्या घरातही ही बेंबी सरकत असणार. मला राग आला. मी म्हणालो की तुमच्या पुस्तकात नसेल, पण ठोका तर हाताला लागतो ना, बघा हात लावून. तो म्हणाला बघतो. वादात हरायला नको म्हणून मी भर ओसरीवर उताणा झालो.

त्यानं आधी एक हात ठेवला. मग दोन्ही हात ठोक्याच्या दोन बाजूंना अगदी हलके टेकवले, जसं कोणी झोपलेल्या लेकराला धरावं. तो हसायचा थांबला. मी मान उचलून पाहिलं तर प्रत्येक ठोक्याला त्याचे दोन्ही हात एकमेकांपासून दूर ढकलले जात होते. त्यानं हळूच सदरा खाली ओढला, मला आधार देऊन बसवलं आणि कंबर कधीपासून दुखते, विडी ओढता का, असं विचारत गेला. विडी मी ओढत असे. घरात शोभत नाही म्हणून बाजारात ओढत असे, त्यामुळं ती घराखेरीज सगळ्या केनवडला ठाऊक होती. बायकोसमोर हो म्हणावं लागलं. तिला आधीच माहीत होतं, हे तिच्या तोंडावरून कळलं.

मग तो म्हणाला, "काका, आता या पोटाले कोनाले हात लावू देऊ नका. मालिश नाही, दाबनं नाही. तुमची मावशी कितीबी गुनाची असो, नाही म्हंजे नाही."

त्यानं तिथं बसून आम्हा दोघांना समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. हृदयातून निघालेली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी पाठीच्या कण्यासमोरून खाली येते आणि बेंबीच्या आसपास तिच्या दोन फांद्या होऊन एकेक फांदी एकेका पायात जाते. बारीक माणसाच्या बेंबीपाशी ठोका लागतो तो तिचाच. बेंबी बसवणारे आयुष्यभर चाचपतात तो हाच ठोका. माझ्या त्या वाहिनीची भिंत एका जागी पातळ झाली होती आणि रक्ताच्या रेट्यानं ती फुगत चालली होती. मी म्हटलं, म्हणजे गुडघ्यावरचा पायजमा. रोज ताण पडून कापड विरतं आणि तिथंच फुगून पोंगा येतो. तो म्हणाला अगदी तसंच. फक्त पायजमा फाटला तर ठिगळ लावायला वेळ मिळतो. हा फुगा जितका मोठा होतो तितका त्याच्या भिंतीवर ताण वाढतो, आणि पुष्कळदा दुखत नाही की खुपत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. फुटला तर इस्पितळाची पायरीही दिसत नाही. कोणाला रक्तदाबानं होतो, कोणाला विडीनं, कोणाच्या घराण्यातच असतो. छातीतल्या वाहिनीला होतो, मेंदूतल्या वाहिनीलाही होतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर खुद्द हृदयाची भिंतही अशी फुगू शकते. खात्री एक्स-रेचा फोटो काढल्यावर होईल, तो म्हणाला, पण माझ्या हातांना शंका नाही.

तेव्हा कुठं मला मावशीचे अंगठे आठवले. अंगाचा सगळा भार टाकून दाबणारे. दिवस मावळायच्या आत मी मेलो असतो, आणि लोक म्हणाले असते, बेंबी बसवायला गेला आणि वाटेत झटका आला. मी पत्रावळींच्या ढिगाकडं पाहत राहिलो. बायको रडत नव्हती. तिनं उठून आजींच्या पायावर डोकं ठेवलं, आणि आजींना बिचाऱ्यांना काही कळेना, त्या तिला खुणेनं आणखी शिरा घे म्हणत होत्या.

त्या मुलानं उरलेली रजा सोडून दिली आणि आमच्यासोबत मुंबईला आला. अकोल्याला गाडीत चढताना माझी पिशवीही त्यानं मला उचलू दिली नाही. कोण कुठला, ना नात्याचा ना गोत्याचा. इस्पितळात फोटो निघाला. त्यात त्या फुग्याच्या कडेची बारीक पांढरी रेघ दिसत होती, अंड्याच्या टरफलासारखी, आणि मोठे सर्जन ती बोटानं दाखवत म्हणाले की फार दिवस थांबता येणार नाही. ऑपरेशन मोठं आहे, टेबलावरून माणूस उठेलच असं नाही. न करता घरी गेलात तर कधी फुटेल ते सांगता येणार नाही. निर्णय तुमचा. आयुष्यभर मी गिऱ्हाइकाला दोन थानांतलं एक निवडायला लावलं, आता माझ्यापुढं दोनच थानं आणि दोन्हींत खोट.

फुगलेला भाग बाजूला करून त्या जागी काय बसवणार, असं मी विचारलं. सर्जनांनी माझा धंदा विचारला आणि मी सांगितल्यावर ते मोठ्यानं हसले. कपाटातून त्यांनी एक पांढरी, चुण्याचुण्यांची नळी काढून माझ्या हातात दिली. कापडाची होती. टेरिलीनच्याच जातीचं सूत, त्यांनी सांगितलं. ज्या टेरिलीनच्या शर्टासाठी केनवडची तरणी पोरं माझ्या दुकानात गर्दी करायची, त्याची नळी माझ्या पोटात. मी सवयीनं ती दोन बोटांत चोळली, उजेडात धरली, ताणून पाहिली. आटणार तर नाही ना, असंही विचारलं. मग म्हणालो, साहेब, विणकाम चांगलं आहे, पण घट्ट नाही, यातून रक्त झिरपेल. ते म्हणाले बरोबर. म्हणूनच शिवण्याआधी ही तुमच्याच रक्तात भिजवतो. रक्त सुतात गोठतं, छिद्रं बुजतात, आणि पुढं तुमचं शरीर आतून तिला आपलं अस्तर लावून घेतं.

मी नळी परत दिली. आयुष्यात एवढं कापड हाताळलं; हे एकच असं होतं की जे अंगी लागेल तेव्हा मी पाहणार नव्हतो, आणि शिवण उसवली तर परत आणून देता येणार नव्हतं. त्या क्षणी माझ्यातला दुकानदार दमला. खरंच दमला. करा म्हणालो.

रक्ताच्या बाटल्या लागणार होत्या आणि मुंबईत आमचं कोणी नव्हतं. आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेतल्या यात्रेकरूंना बायकोनं सांगितलं. ती भिडस्त बाई, केनवडच्या बाजारात भाव करायला लाजते. ज्यांची भाषाही तिला धड कळत नव्हती असे लोक सकाळी इस्पितळात येऊन दंड पुढं करून बसले. आजींच्या मुलानं पण दिलं. मी खाटेवरून त्यांना दारातून जाताना पाहत होतो. त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मला न्यायला खोलीत आले तेव्हा मी णमोकार म्हणत होतो. तोच मंत्र, रोज दात घासल्यासारखा म्हटलेला. त्यात काही मागणं नाही. अरिहंतांना नमस्कार, सिद्धांना नमस्कार, नुसते नमस्कार. तोवर मला ती त्या मंत्राची उणीव वाटायची. त्या सकाळी फार बरं वाटलं. मागण्यासारखं माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं. कोणाच्या हातात सुरी, कोणाचं रक्त, कोणी विणलेलं कापड. वाकणं तेवढं माझं होतं. भीती गेली असं म्हणणार नाही. ती बाजूला उभी राहिली आणि मी चाकाच्या खाटेवरून पुढं गेलो.

शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी होती, बोलता येत नव्हतं, आणि पायाशी काहीतरी चाललं होतं. सर्जन माझ्या पावलांवर बोटं ठेवून नाडी शोधत होते. रक्त त्या कापडातून पुढं पोचतंय की नाही, हे पावलांवर कळतं. त्यांनी बायकोला जवळ बोलावलं आणि तुम्हीच हात लावून बघा म्हणाले. तिनं माझी दोन्ही पावलं हातांत धरली. लग्नापासून सणावाराला माझ्या पाया पडली असेल, पण असे पाय कधी धरले नव्हते. बराच वेळ धरून बसली. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "गरम हायेत." आणि तेव्हा रडली.

घरी परतल्यावर मावशी भेटायला आली. तिला कोणीतरी सगळं सांगितलं होतं. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि आपल्याच अंगठ्यांकडं पाहत राहिली. म्हणाली, "बरं झालं तुमी त्या दिसी आले नाही, शेटजी. म्या जीव लावून दाबलं असतं." मी तिला म्हणालो की मावशी, त्यात तुझा काय दोष, मीच तुझ्याकडं पळत येत होतो. तिला चहा दिला. आता असा फुगीर ठोका कोणाच्या पोटात हाताला लागला की ती हात काढून घेते आणि वाशीमला डॉक्टरकडं पिटाळते, असं ऐकतो.

हे सगळं देवानं केलं, असं मी म्हटलं तर शास्त्राला सोडून होईल आणि आमचे पंडितजी रागावतील. मी म्हणतही नाही. एका म्हातारीनं वाटी खाली ठेवली, एका पोरानं हात ठेवला, परक्या माणसांनी दंड पुढं केले. यातलं काहीच मी ठरवलेलं नव्हतं. माझं चाललं असतं तर मी यातली प्रत्येक गोष्ट टाळली असती. ज्याला मी अडथळा म्हणून शिव्या देत होतो, तोच मला आडवा पडून वाचवत होता. तेव्हापासून गाडी चुकली, बेत फिसकटला, तर मी आधीइतका तडफडत नाही. थोडा तडफडतो. स्वभावाला औषध नाही.

सुरुवातीला रोज सकाळी जाग आली की मी पोटावर हात ठेवून पाहायचो. ठोका ठीक आहे का, शिवण धरून आहे का, आजचा दिवस भरवशाचा आहे का. मोजायची सवय. एकदा बायकोनं अंथरुणातूनच तो हात उचलला आणि माझ्या दुसऱ्या हाताला नेऊन जोडला. आता जाग आली की हात आपोआप तसेच जुळतात, आणि आत जे चालायचं ते माझ्याशिवाय नीट चालतं.